गॅलियम नायट्राइड

गॅलियम नायट्राइड हे गॅलियम व नायट्रोजन या मूलद्रव्यांचे संयुग असून रुंद ऊर्जा-अंतर असलेला एक महत्त्वाचा अर्धवाहक आहे. निळ्या, हिरव्या व जांभळ्या प्रकाश उत्सर्जक डायोडांचा, म्हणजेच एलईडींचा, तो आधार आहे. घरोघरी वापरले जाणारे पांढरे एलईडी दिवेदेखील मुळात याच द्रव्यापासून मिळणाऱ्या निळ्या प्रकाशावर चालतात. ॲल्युमिनियम नायट्राइडबरोबर त्याचे मिश्र स्फटिक तयार केले असता अतिनील (जंबुपार) किरण उत्सर्जित करणारे डायोड, तसेच हे किरण ओळखणारे शोधक बनवता येतात.

हे संयुग १९३२ पासून ज्ञात असले तरी त्यापासून उपयुक्त डायोड बनण्यास सुमारे सहा दशके लागली. त्याचा निर्दोष स्फटिक वाढवता येत नव्हता आणि त्यात धन विद्युत्‌भार वाहून नेणारा थर तयार होत नव्हता. या दोन्ही अडचणी १९८५ ते १९९२ या काळात जपानमध्ये दूर झाल्या. त्या कार्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

रचना व गुणधर्म

सामान्य परिस्थितीत गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकाची रचना वुर्टझाइट प्रकारची, म्हणजे षट्कोनी असते. प्रत्येक गॅलियम अणू चार नायट्रोजन अणूंशी व प्रत्येक नायट्रोजन अणू चार गॅलियम अणूंशी जोडलेला असतो. हे बंध अतिशय मजबूत असतात. त्यामुळे द्रव्य कठीण, रासायनिक दृष्ट्या स्थिर आणि उच्च तापमान सहन करणारे असते. कक्ष तापमानाला त्याचे ऊर्जा-अंतर सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. सिलिकॉनचे ऊर्जा-अंतर १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे.

हाच मजबूतपणा स्फटिक वाढवताना आड येतो. सिलिकॉन वितळवून त्यातून मोठा एकसंध स्फटिक हळूहळू वर ओढून काढता येतो. गॅलियम नायट्राइड मात्र वातावरणीय दाबाखाली वितळतच नाही; तापवत गेल्यास नायट्रोजन वायू निघून जातो व द्रवरूप गॅलियम मागे उरते. ते वितळवण्यासाठी २,२०० अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापमान आणि वातावरणाच्या सुमारे साठ हजारपट दाब लागतो. औद्योगिक उत्पादनात असा मार्ग परवडणारा नाही. म्हणून हे द्रव्य दुसऱ्याच एखाद्या स्फटिकाच्या तबकडीवर पातळ थराच्या रूपात वाढवावे लागते. खालच्या स्फटिकाच्या अणुरचनेचा आधार घेऊन वरचा थर त्याच शिस्तीत वाढवण्याच्या या पद्धतीला एपिटॅक्सी म्हणतात.

ऊर्जा-अंतर आणि तरंगलांबी

अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन संयुजा पट्टा व संवहन पट्टा या दोन ऊर्जा-पट्ट्यांत असू शकतात. या दोहोंमधील निषिद्ध भागाला ऊर्जा-अंतर म्हणतात. संवहन पट्ट्यातील इलेक्ट्रॉन खाली उतरून संयुजा पट्ट्यातील रिकाम्या जागेत, म्हणजे होलमध्ये सामावला की मोकळी होणारी ऊर्जा फोटॉनच्या, अर्थात प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडू शकते. एलईडीचे कार्य यावर आधारलेले आहे. याच्या उलट, ऊर्जा-अंतराहून अधिक ऊर्जा असलेला फोटॉन शोषला गेला तर इलेक्ट्रॉन वर ढकलला जातो, एक होल मागे राहतो आणि विद्युत् प्रवाह मिळू शकतो. हे शोधकाचे कार्य होय. एकाच द्रव्याचा दोन्ही उपकरणांसाठी अभ्यास होतो, त्याचे कारण हे आहे.

कोणत्या तरंगलांबीपाशी हे घडेल याचा हिशेब सोपा आहे. १,२४० या संख्येला इलेक्ट्रॉन व्होल्टमधील ऊर्जा-अंतराने भागले की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. गॅलियम नायट्राइडसाठी हे उत्तर सुमारे ३६५ नॅनोमीटर येते, म्हणजे शुद्ध रूपात ते दृश्य नव्हे तर अतिनील क्षेत्रात कार्य करते. त्यात इंडियम मिसळल्यास ऊर्जा-अंतर कमी होऊन प्रकाश जांभळा, निळा व पुढे हिरवा होत जातो. ॲल्युमिनियम मिसळल्यास ऊर्जा-अंतर वाढते आणि तरंगलांबी अतिनील क्षेत्रात आणखी खोल जाते. शुद्ध इंडियम नायट्राइडचे ऊर्जा-अंतर सुमारे ०.७, तर शुद्ध ॲल्युमिनियम नायट्राइडचे सुमारे ६.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. अवरक्तापासून २०० नॅनोमीटरच्या जवळपासपर्यंतचा एवढा मोठा पल्ला अर्धवाहकांच्या अन्य कोणत्याही प्रचलित कुटुंबाला साधत नाही.

या तिन्ही नायट्राइडांचे ऊर्जा-अंतर सरळ प्रकारचे आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन व होल एकत्र येताना संवेगाची तफावत भरून काढावी लागत नाही. सिलिकॉन कार्बाइडचे ऊर्जा-अंतरही रुंद आहे, परंतु ते तिरकस प्रकारचे असल्याने बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते. सिलिकॉन कार्बाइडचे निळे डायोड १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले होते, पण त्यांची कार्यक्षमता एक टक्क्याचा अगदी लहान अंश एवढीच होती.

प्रारंभीचे संशोधन

तप्त गॅलियमवरून अमोनिया वायू सोडून जॉन्सन, पार्सन्स आणि क्रू या संशोधकांनी १९३२ मध्ये गॅलियम नायट्राइडची पूड तयार केली. १९३८ मध्ये युझा व हान यांनी तिची स्फटिकरचना निश्चित केली. पुढील तीन दशके या द्रव्याकडे फारसे कोणी वळले नाही.

१९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडपासून दृश्य लाल प्रकाशाचा डायोड बनवला आणि दशकाच्या अखेरीपर्यंत लाल व हिरवे डायोड उपलब्ध झाले. तीन मूळ रंगांपैकी निळा राहिला होता. अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत भिंतीवर टांगता येईल असा चपटा दूरचित्रवाणी संच बनवण्याची कल्पना मांडली गेली आणि तिच्यासाठी निळा डायोड हवा होता. तेथे हर्बर्ट मारुस्का व जेम्स टिट्जेन यांनी १९६९ मध्ये सफायरवर, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या स्फटिकावर, गॅलियम नायट्राइडचा पहिला एकस्फटिकी थर वाढवला व ऊर्जा-अंतर सरळ असल्याचे दाखवून दिले. १९७१ मध्ये जॅक पँकोव्ह यांनी त्यापासून निळा प्रकाश मिळवला आणि १९७२ मध्ये मारुस्का यांनी मॅग्नेशियम मिसळलेल्या थरातून जांभळा प्रकाश मिळवला.

हे डायोड खऱ्या अर्थाने पी-एन संधीचे नव्हते. धातू, विसंवाहक थर व अर्धवाहक अशी त्यांची रचना होती आणि प्रकाश अतिशय मंद होता. कोणतेही अपद्रव्य मुद्दाम न मिसळताही थर एन-प्रकारचा, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन असलेला होत असे. त्या काळी याचा दोष नायट्रोजन अणूंच्या रिकाम्या जागांना दिला जाई. प्रत्यक्षात ऑक्सिजन व सिलिकॉन यांची नकळत शिरलेली अशुद्धी त्यास मुख्यतः कारणीभूत असल्याचे पुढे दिसून आले. पी-प्रकारचा थर काही केल्या तयार होईना. आरसीएने हे काम थांबवले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर जगातील बहुतेक गट या द्रव्यापासून दूर झाले.

ज्यांना निळा डायोड हवा होता त्यांतील बहुसंख्यांनी झिंक सेलेनाइडची निवड केली. ही निवड त्या काळच्या ज्ञानाला धरूनच होती. झिंक सेलेनाइडच्या अणूंमधील अंतर गॅलियम आर्सेनाइडच्या तबकडीशी अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने जुळते. गॅलियम नायट्राइड व सफायर यांच्यातील तफावत मात्र सुमारे १६ टक्के आहे. शिवाय थर सुमारे १,००० अंश सेल्सियसला वाढतो आणि थंड होताना सफायर अधिक आकसते, त्यामुळे थरावर ताण येऊन तबकडी वाकते किंवा थराला तडे जातात.

बफर थर

इसामु अकासाकी यांनी मात्सुशिता कंपनीच्या संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात गॅलियम नायट्राइडवर काम सुरू केले आणि १९८१ मध्ये ते नागोया विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. हिरोशी अमानो १९८२ मध्ये पदवीचे विद्यार्थी म्हणून त्यांच्या गटात दाखल झाले. त्यांनी निवडलेल्या पद्धतीत ट्रायमिथाइल गॅलियमची वाफ व अमोनिया वायू तप्त सफायरवर सोडतात. दोहोंची अभिक्रिया होऊन थर साचत जातो. मिळणारे थर खडबडीत, दुधी काचेसारखे आणि तडे गेलेले असत.

शेकडो प्रयोगांनंतर १९८५ मध्ये यश आले. सफायरवर प्रथम कमी तापमानाला ॲल्युमिनियम नायट्राइडचा काही दशक नॅनोमीटर जाडीचा थर दिला आणि मग तापमान वाढवून त्यावर गॅलियम नायट्राइड वाढवले, तेव्हा आरशासारखा गुळगुळीत व पारदर्शक थर मिळाला. हे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. या मधल्या थराला बफर थर म्हणतात. कमी तापमानाला साचलेला हा थर सुव्यवस्थित स्फटिक नसतो. तापमान वाढवताना त्यात एकाच दिशेने रोखलेली असंख्य सूक्ष्म केंद्रके तयार होतात, त्यांच्यावर गॅलियम नायट्राइडचे लहान स्तंभ उभे राहतात, ते आडवे पसरून एकमेकांना मिळतात आणि पुढे सपाट थर वाढतो. १६ टक्क्यांची तफावत नाहीशी होत नाही. तिचे बरेचसे परिणाम सफायरलगतच्या भागात अडकून पडतात.

पी-प्रकारचा प्रश्न

थर सुधारल्यावरही पी-प्रकार साधत नव्हता. जस्त व नंतर मॅग्नेशियम मिसळून पाहिले तरी थर जवळजवळ विसंवाहकच राहत असे. अमानो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जस्तयुक्त नमुना पाहत असता इलेक्ट्रॉनांचा मारा झालेला भाग अधिकाधिक उजळ होत गेल्याचे त्यांच्या लक्षात आले. १९८९ मध्ये मॅग्नेशियमयुक्त थरावर कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवून त्यांच्या गटाने पी-प्रकारचे गॅलियम नायट्राइड आणि त्यापासून पी-एन संधीचा डायोड तयार केला. असे का होते, हे त्या वेळी उमगलेले नव्हते.

उत्तर १९९२ मध्ये शुजी नाकामुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी इलेक्ट्रॉन झोत न वापरता तोच थर नायट्रोजन वायूत सुमारे ७०० अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापवला आणि तो पी-प्रकारचा झाला. तोच थर पुन्हा अमोनियात तापवला तेव्हा तो पूर्ववत विसंवाहक बनला. यावरून कारण स्पष्ट झाले. अमोनियाच्या विघटनातून आलेला हायड्रोजन थरात शिरतो, मॅग्नेशियमशी जोडला जातो आणि त्याला निष्क्रिय करतो. वीस वर्षे अनेकांना नडलेली अडचण द्रव्याच्या स्वभावात नव्हती, ती वाढवण्याच्या वायूत होती. झोतामुळे किंवा उष्णतेमुळे हायड्रोजन बाहेर पडतो. तापवण्याची रीत स्वस्त असून एका वेळी अनेक तबकड्यांवर चालते. म्हणून उद्योगाने तीच स्वीकारली.

तरीही पी-प्रकारचा थर आजही या द्रव्याची दुबळी बाजू आहे. मॅग्नेशियमपासून होल मोकळा होण्यासाठी सुमारे ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. कक्ष तापमानाला उपलब्ध औष्णिक ऊर्जा याच्या मानाने फारच थोडी असल्याने मिसळलेल्या मॅग्नेशियमपैकी एक-दोन टक्केच अणू उपयोगी पडतात.

निचिया कंपनी व उजळ निळा डायोड

नाकामुरा शिकोकू बेटावरील आनान या गावी निचिया या प्रामुख्याने प्रस्फुरक द्रव्ये बनवणाऱ्या कंपनीत काम करीत. १९८८ मध्ये त्यांनी अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात एक वर्ष राहून बाष्परूप एपिटॅक्सीचे तंत्र शिकून घेतले व परतल्यावर गॅलियम नायट्राइडचे काम हाती घेतले. त्यांच्या भट्टीत अभिक्रियाकारक वायू तबकडीला समांतर वाहत आणि दुसरा निष्क्रिय वायुप्रवाह वरून खाली सोडून त्यांना तबकडीशी दाबून धरत असे. या द्विप्रवाही भट्टीत थरांचा दर्जा लक्षणीय सुधारला. बफर थरासाठी त्यांनी ॲल्युमिनियम नायट्राइडऐवजी कमी तापमानाला साचवलेले गॅलियम नायट्राइडच वापरले.

इंडियम गॅलियम नायट्राइडचा पातळ प्रकाशदायी थर दोन्ही बाजूंनी अधिक रुंद ऊर्जा-अंतराच्या थरांमध्ये बंदिस्त करून निचियाने नोव्हेंबर १९९३ मध्ये एक कँडेला तीव्रतेचा निळा डायोड जाहीर केला. त्याआधीच्या निळ्या डायोडांहून तो सुमारे शंभरपट उजळ होता. १९९५ पर्यंत क्वांटम विहिरी, म्हणजे काही नॅनोमीटर जाडीचे थर वापरून निळे व हिरवे डायोड आणि पाठोपाठ जांभळा लेसरही तयार झाला. ४०५ नॅनोमीटरचा हा लेसर पुढे ब्ल्यू-रे तबकड्यांसाठी वापरात आला.

या शोधाच्या मोबदल्यावरून नाकामुरा व निचिया यांच्यात झालेला खटला जपानमध्ये बराच गाजला. २००४ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने त्यांना २० अब्ज येन देण्याचा आदेश दिला. अपिलात २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. नोकरीत असताना लावलेल्या शोधावर कर्मचाऱ्याचा हक्क किती, या प्रश्नाची जपानी उद्योगात त्यानिमित्ताने मोठी चर्चा झाली.

स्फटिकदोषांचे कोडे

स्फटिकातील अणूंची रांग मध्येच तुटून निर्माण होणाऱ्या रेषीय दोषाला स्थानभ्रंश म्हणतात. असे दोष इलेक्ट्रॉन व होल यांना प्रकाश न देता एकत्र आणतात. गॅलियम आर्सेनाइडच्या कुळातील डायोडांत स्थानभ्रंशांची घनता प्रति चौरस सेंटिमीटर दहा हजार ते एक लाखावर गेली की प्रकाश मंदावतो. निळे डायोड बाजारात आल्यानंतर १९९५ मध्ये त्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा ही घनता प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे दहा अब्ज असल्याचे आढळले. प्रस्थापित समजुतीप्रमाणे अशा डायोडातून प्रकाश येणेच अपेक्षित नव्हते. झिंक सेलेनाइडचे स्फटिक यांच्या तुलनेत कितीतरी निर्दोष होते, पण त्यांच्यात दोष सहज वाढत जात आणि त्यांचे लेसर काहीशे तासांतच निकामी होत.

गॅलियम नायट्राइडमध्ये मजबूत बंधांमुळे स्थानभ्रंश जागचे हलत नाहीत व नवे निर्माण होत नाहीत, हा खुलाशाचा एक भाग आहे. दुसरा भाग इंडियमशी निगडित आहे. इंडियम गॅलियम नायट्राइडमध्ये इंडियमचे अणू सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. ज्या ठिकाणी ते योगायोगाने अधिक असतात तेथे ऊर्जा किंचित कमी असते. होल अशा खळग्यांत अडकतात आणि स्थानभ्रंशापर्यंत पोहोचण्यापूर्वीच इलेक्ट्रॉनला भेटतात. हे खळगे इंडियमच्या प्रत्यक्ष गुठळ्यांमुळे होतात की केवळ अणूंच्या यादृच्छिक मांडणीमुळे, यावर दीर्घकाळ वाद झाला. अणुपातळीवरील मापनांनंतर दुसऱ्या मताचे पारडे जड झाले आहे.

म्हणजे दोष खपवून घेण्याचा गुण मुख्यतः इंडियमयुक्त मिश्रणाचा आहे, साऱ्या नायट्राइडांचा नव्हे. अतिनील उपकरणांच्या वाटेत आलेल्या अनेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

पांढरा प्रकाश

निळ्या डायोडावर सिरियमयुक्त यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट या पिवळ्या प्रस्फुरकाचा लेप दिला की काही निळा प्रकाश पिवळ्यात रूपांतरित होतो आणि दोहोंच्या मिश्रणाने डोळ्याला पांढरा प्रकाश दिसतो. असे डायोड १९९६ पासून उपलब्ध झाले. तापदीप्त दिव्यापासून प्रति वॅट सुमारे १५ ल्युमेन व नळीदिव्यापासून ७० च्या आसपास ल्युमेन मिळतात. एलईडी दिव्यांत हा आकडा १०० च्या पुढे सहज जातो. भारतात जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेखाली ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्बांचे वाटप झाले.

निळ्या डायोडांची कार्यक्षमता आता उत्तम नमुन्यांत ८० टक्क्यांपलीकडे गेली आहे. दोन उणिवा मात्र राहिल्या आहेत. प्रवाह वाढवला की कार्यक्षमता घसरते, आणि इंडियमचे प्रमाण वाढवून हिरव्या रंगाकडे गेल्यास ती आणखी कमी होते. षट्कोनी रचनेमुळे थरांत निर्माण होणारे विद्युत् क्षेत्र इलेक्ट्रॉन व होल यांना विहिरीच्या विरुद्ध टोकांना ओढते, हे हिरव्या डायोडांच्या दुबळेपणाचे एक महत्त्वाचे कारण आहे.

अतिनील एलईडी

अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन विभाग करतात: ३१५ ते ४०० नॅनोमीटर अतिनील-ए, २८० ते ३१५ अतिनील-बी आणि त्याखाली अतिनील-सी. सुमारे २६५ नॅनोमीटरचे किरण जीवाणू व विषाणूंच्या जनुकीय द्रव्यात शोषले जाऊन त्यांना निष्क्रिय करतात. पाणी व हवा यांच्या निर्जंतुकीकरणासाठी आजवर २५४ नॅनोमीटरचे किरण देणारे पाऱ्याचे दिवे वापरले जात आहेत. पाऱ्याचा वापर घटवण्यासाठी २०१३ मध्ये स्वीकारला गेलेला मिनामाता करार २०१७ पासून अंमलात आला. तेव्हापासून पर्यायी स्रोतांची निकड वाढली आहे.

ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राइडचे अतिनील-सी डायोड तयार होतात, पण निळ्या डायोडांच्या मानाने त्यांची कार्यक्षमता पुष्कळ कमी असते. इंडियमचे संरक्षक खळगे येथे नसल्याने स्थानभ्रंशांचा थेट फटका बसतो. ॲल्युमिनियम वाढेल तसा मॅग्नेशियमपासून होल मोकळा करणे अवघड होते. शुद्ध ॲल्युमिनियम नायट्राइडमध्ये त्यासाठी अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टहून अधिक ऊर्जा लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी वरचा संपर्क-थर पी-प्रकारच्या गॅलियम नायट्राइडचा देतात, तर तो अतिनील किरण स्वतःच शोषून घेतो. शिवाय ॲल्युमिनियमचे प्रमाण फार वाढल्यास प्रकाश पृष्ठभागातून वर येण्याऐवजी कडेच्या दिशेने जाऊ लागतो. २००६ मध्ये जपानच्या एनटीटी कंपनीतील संशोधकांनी शुद्ध ॲल्युमिनियम नायट्राइडपासून २१० नॅनोमीटरचा डायोड बनवला. त्या काळी ही अर्धवाहक डायोडातून मिळालेली सर्वांत लहान तरंगलांबी होती, पण प्रकाश नाममात्र होता. सफायरऐवजी ॲल्युमिनियम नायट्राइडच्याच एकसंध तबकड्या वापरणे हा सध्याच्या सुधारणांचा एक प्रमुख मार्ग आहे.

अतिनील शोधक

सिलिकॉनचा प्रकाशडायोड अतिनील किरणांना प्रतिसाद देतो, पण तो दृश्य प्रकाशासह सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतच्या अवरक्तालाही प्रतिसाद देतो. सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा लहान असल्याने मोजायचा संकेत बाकीच्या प्रकाशात बुडून जातो. त्यासाठी गाळण्या बसवाव्या लागतात. त्या काही अतिनील किरणही अडवतात आणि कालांतराने खराब होतात. गॅलियम नायट्राइडच्या शोधकाला ३६५ नॅनोमीटरपेक्षा मोठ्या तरंगलांबीचा प्रकाश दिसतच नाही. गाळणीचे काम येथे द्रव्याचे ऊर्जा-अंतरच करते. अशा शोधकांना दृश्यांध म्हणता येईल.

ॲल्युमिनियमचे प्रमाण ४० ते ४५ टक्के केले की संवेदनाची मर्यादा २८० नॅनोमीटरजवळ येते आणि शोधक सूर्यांध होतो. या मर्यादेखालील सूर्यकिरण वातावरणातील ओझोन शोषून घेतो, त्यामुळे जमिनीवर भर दुपारीही या पट्ट्यात जवळजवळ पूर्ण अंधार असतो. अशा अंधाऱ्या पार्श्वभूमीवर ज्योतीतून किंवा विद्युत् ठिणगीतून आलेले थोडेसे फोटॉनही उठून दिसतात. तेलशुद्धीकरण कारखान्यांतील ज्वालासूचक यंत्रणा व क्षेपणास्त्रांच्या धुराड्याचा वेध हे या तत्त्वाचे उपयोग आहेत. उच्चदाब वीजवाहिन्यांवरील प्रभा-विसर्जन शोधणे हाही एक उपयोग होय. प्रभा-विसर्जनाचा बहुतेक प्रकाश ३०० ते ४०० नॅनोमीटरच्या दरम्यान असतो व दिवसा सूर्यप्रकाशात लोपतो. २८० च्या खालचा लहानसा भागच दिवसाउजेडी पाहणीला उपयोगी पडतो.

१९९२ मध्ये असिफ खान व त्यांच्या सहकाऱ्यांनी सफायरवरील गॅलियम नायट्राइडच्या थरापासून प्रकाशसंवाहक शोधक बनवला. हा सर्वांत साधा प्रकार होय: थरावर दोन विद्युत् अग्रे बसवायची आणि प्रकाश पडल्यावर वाढणारा प्रवाह मोजायचा. त्यात प्रवाहाचे मोठे वर्धन मिळते, पण त्यासाठी किंमत मोजावी लागते. होल दोषांच्या जागी अडकून राहतात, त्यामुळे प्रकाश बंद केल्यावरही प्रवाह सेकंदांपासून काही वेळा तासांपर्यंत रेंगाळतो. म्हणून जलद मापनासाठी शॉट्की डायोड, धातू-अर्धवाहक-धातू रचना व पी-आय-एन डायोड वापरले जातात. वर्धनाविना चालणाऱ्या डायोडाची प्रतिसादक्षमता ३६० नॅनोमीटरला प्रति वॅट ०.२९ अँपियरपेक्षा अधिक असू शकत नाही, कारण प्रत्येक फोटॉनमागे एकच इलेक्ट्रॉन मिळतो. याहून बराच मोठा आकडा एखाद्या शोधनिबंधात दिसला तर तेथे वर्धन, आणि बहुधा मंद प्रतिसाद, गृहीत धरावा.

शोधकाचा कस अंधारप्रवाहावर, म्हणजे प्रकाश नसतानाही वाहणाऱ्या प्रवाहावर लागतो. रुंद ऊर्जा-अंतरामुळे तो सिद्धांतानुसार नगण्य असायला हवा. प्रत्यक्षात स्थानभ्रंश प्रवाहाला गळतीची वाट करून देतात. एकेक फोटॉन मोजू पाहणाऱ्या हिमस्खलन प्रकाशडायोडात विद्युत् क्षेत्र फार तीव्र असते, आणि अशा गळतीच्या जागीच डायोड अकाली कोसळतो. त्यामुळे हे डायोड गॅलियम नायट्राइडच्या स्वतंत्र, कमी दोषांच्या तबकड्यांवर वाढवले जातात. अशा तबकड्या महाग व आकाराने लहान असल्याने अतिशय क्षीण किरणांसाठी प्रकाशगुणक नळ्या अद्याप टिकून आहेत. प्रतिमा घेणाऱ्या शोधकांत सफायरचा एक फायदा होतो: तो अतिनील किरणांना पारदर्शक असल्याने प्रकाश तबकडीच्या मागील बाजूने आत घेता येतो आणि पुढील बाजू वाचन-परिपथाला जोडता येते.

मोठ्या चित्रपटलांच्या बाबतीत सिलिकॉनचे प्रभुत्व कायम आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या आदित्य-एल१ यानावरील सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली. ती २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये सूर्याच्या प्रतिमा घेते, पण त्यासाठी गाळण्या व सिलिकॉनचा सीसीडी शोधक वापरते. कोट्यवधी चित्रघटकांचा एकसारखा पट बनवण्यात सिलिकॉन तंत्रज्ञानाने मिळवलेली परिपक्वता नायट्राइडांना अजून गाठता आलेली नाही.

स्पर्धक द्रव्ये

सिलिकॉन कार्बाइडचे अतिनील शोधक व्यापारी दृष्ट्या स्थिरावले आहेत. प्रकाश देण्यास निरुपयोगी ठरणारे तिरकस ऊर्जा-अंतर शोधकाला फारसे बाधत नाही, आणि त्याच्या तबकड्यांत दोष कमी असल्याने अंधारप्रवाह अत्यल्प असतो. झिंक ऑक्साइडचे ऊर्जा-अंतर गॅलियम नायट्राइडच्या जवळपास आहे व त्याचे स्फटिकही वाढवायला सोपे असतात, पण टिकाऊ पी-प्रकाराअभावी ते मागे राहिले. गॅलियम ऑक्साइडचे ऊर्जा-अंतर सुमारे ४.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्यामुळे ते काहीही न मिसळता सूर्यांध असते, शिवाय ते वितळवून त्याचे मोठे स्फटिक काढता येतात; पी-प्रकाराची उणीव तेथेही आहे.

अन्य उपयोग व भारतातील संशोधन

ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राइड व गॅलियम नायट्राइड यांच्या सीमेवर इलेक्ट्रॉनांचा अतिशय गतिमान थर तयार होतो. त्यावर आधारित ट्रान्झिस्टर रडार, मोबाइल मनोरे आणि भ्रमणध्वनींचे छोटे जलद चार्जर यांत वापरले जातात. हे ट्रान्झिस्टर बहुधा स्वस्त सिलिकॉन तबकड्यांवर किंवा, उष्णता वाहून नेणे महत्त्वाचे असेल तेथे, सिलिकॉन कार्बाइडवर वाढवतात.

भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नायट्राइड अर्धवाहकांच्या एपिटॅक्सीवर आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सिलिकॉनवरील गॅलियम नायट्राइड व त्याच्या उपकरणांवर संशोधन होत आले आहे.

गॅलियमचा पुरवठा

गॅलियमचे स्वतंत्र खनिज उद्योगाच्या दृष्टीने महत्त्वाचे नाही. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना उरणाऱ्या द्रावणातून ते उपउत्पादन म्हणून मिळते, त्यामुळे मागणी वाढली तरी त्याचे उत्पादन ॲल्युमिनियम उद्योगाच्या गतीनेच वाढू शकते. जगातील प्राथमिक गॅलियमचा फार मोठा वाटा चीनमध्ये तयार होतो. चीनने १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम व त्याच्या संयुगांच्या निर्यातीसाठी परवाना बंधनकारक केला असून त्या यादीत गॅलियम नायट्राइडचाही समावेश आहे. एका एलईडीत लागणारे गॅलियम मिलिग्रॅमच्याही लहान अंशाएवढे असते. जुन्या दिव्यांतून ते परत मिळवणे म्हणूनच अवघड व खर्चिक ठरते.